सासूबाईंचा फोटो आणि डोळा मारणारा कॅमेरा

माझ्या सासूबाईंना मरणाची भीती नव्हती. आपण गेल्यावर आम्ही भिंतीवर कुठला फोटो लावू, याची मात्र होती.

“मतदानाच्या कार्डावरचा लावाल,” त्या म्हणायच्या. “तुम्ही दोघं लय आळशी. दुकानात जाल, तोच मोठा करून आणाल आन् हार घालून मोकळे व्हाल.”

भीती अगदीच खोटी नव्हती. मतदानाच्या कार्डावर त्या कोंबडी चोरताना पकडल्या गेलेल्या बाईसारख्या दिसत होत्या आणि घरात त्यांचा एकटीचा दुसरा फोटो नव्हता. लग्नकार्यात फोटोवाला दिसला की त्या तोंड घट्ट मिटून घ्यायच्या आणि कुणाच्या तरी मागे सरकायच्या. त्यामुळे नातेवाइकांच्या अल्बममध्ये त्यांचा कुठे कान, कुठे अंबाडा, कुठे अर्धा चष्मा सापडायचा. सगळे तुकडे गोळा केले असते तर एक पूर्ण सासूबाई झाल्या असत्या.

त्यांचं दुखणं वेगळंच होतं. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या भिंतीवर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. ते गेले तेव्हा त्यांचाही एकट्याचा फोटो नव्हता. विंचूरला एका भाच्याच्या लग्नात सगळ्यांचा मिळून एक फोटो निघाला होता, त्यातून मेनरोडच्या एका स्टुडिओवाल्याने सासऱ्यांना वेगळं काढून मोठं करून दिलं. फेटा बांधलेले सासरे मान वळवून शेजारच्या कुणाकडे तरी बघून हसत होते. ती शेजारची म्हणजे सासूबाई. स्टुडिओवाल्याने त्यांना कापून टाकलं होतं. “जिवंत माणूस हाराच्या फोटोत ठेवत नसतात, वहिनी,” असं त्याने समजावलं होतं. पुढे मूळ फोटो मिळवायला लग्नघरी निरोप धाडला, तर अल्बम उंदरांनी खाल्ला होता.

कात्रीतून सासूबाईंच्या जांभळ्या साडीचा दोन बोटं काठ तेवढा वाचला होता. तो फ्रेमच्या कडेला दिसायचा. सासरे अकरा वर्षं त्या काठाकडे आणि त्याच्यापलीकडे स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच्या मोकळ्या भिंतीकडे बघून हसत होते. ती मोकळी जागा सासूबाईंनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. तिथे आम्ही एकदा कॅलेंडर लावलं, तर त्यांनी ते मुकाट्याने काढून दुसऱ्या खोलीत नेऊन लावलं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण एका शनिवारी दातांच्या डॉक्टरांनी त्यांचं तोंड उघडून बघितलं आणि हिरड्या गेल्यात म्हणून सांगितलं. दात टप्प्याटप्प्याने काढायचे. पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला वरचे पुढचे सहा.

घरी आल्यावर पाय न धुताच सासूबाई फोटोखालच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “मग ह्यांनी मला ओळखायचं कसं?”

त्यांचा वरचा एक दात अर्धा तुटलेला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सायखेड्याला माहेरच्या मळ्यात ऊस सोलताना तुटला होता. तेव्हा हे इतके हसले की गुळाच्या कढईत पडायचे बाकी राहिले, असं त्या सांगायच्या. रुसून त्यांनी आठ दिवस तोंड उघडलं नव्हतं. पण त्यानंतर सासरे त्यांना हसवायचे ते तो दात बघायला. विंचूरच्या फोटोतही तेच चाललं होतं. आणि आता तोच दात जाणार होता.

“मला फोटो काढायचाय,” त्या म्हणाल्या. “गुरुवारच्या आत. तीच जांभळी साडी नेसून. ह्यांच्याकडं बघताना. आन् दात दिसला पायजे. तोंड मिटलेला नको.”

ज्या बाईने आयुष्यभर कॅमेऱ्यापुढे तोंड मिटून घेतलं, तिने हे म्हणावं! नवरा म्हणाला, “चल, स्टुडिओत जाऊ.” त्यावर सासूबाईंनी अशी मान हलवली की विषय संपला. ज्याने एकदा कापलं त्याच्यापुढे त्या पुन्हा बसणार नव्हत्या.

इथे मी तोंड घातलं. “मी काढते की!” म्हणाले.

मला तेव्हा फोटोग्राफीचं वेड लागलं होतं. विमा कचेरीतल्या कारकुनीतून जो वेळ उरे तो मी त्यात घालवायचे. दोन हजार सहा-सातची गोष्ट. माझ्याकडे छोटा डिजिटल कॅमेरा होता आणि दिवाळीत मी त्याच मेनरोडच्या स्टुडिओवाल्याकडून दोन जुने फ्लॅश विकत आणले होते. प्रत्येकाच्या बुडाशी अंगठ्याएवढी एक पारदर्शक डबी होती, तिला तो स्लेव्ह म्हणायचा. कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला की ही डबी ते बघते आणि आपल्या डोक्यावरचा फ्लॅशही त्याच क्षणी पेटवते. मधे वायर नाही. चेहऱ्यावर एका बाजूने जोराचा उजेड, दुसऱ्या बाजूने हलका, असं कसब मी इंटरनेट कॅफेत बसून तासाच्या हिशेबाने वाचलं होतं. वाचलं होतं, केलं नव्हतं. हा फरक मला त्या वेळी फार मोठा वाटत नव्हता.

रविवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीचा ताबा घेतला. एक फ्लॅश फरशी पुसायच्या काठीला रबरबँडने बांधला आणि काठी गव्हाच्या डब्यात उभी रोवली. दुसरा कपाटावर ठेवला. उजेड मऊ व्हावा म्हणून समोर पडदा हवा होता, तेव्हा सासूबाईंनीच ट्रंकेतून सासऱ्यांचं एक जुनं धोतर काढून दिलं. ते मी कपडे वाळत घालायच्या घोडीवर पसरलं. परावर्तनासाठी परातीला चपात्या गुंडाळायचा चांदीचा कागद लावला. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. नवरा दारातूनच चहा घेऊन परत गेला.

सासूबाईंनी सगळ्याची पाहणी केली. “ह्याला वायर नाय?”

“नाही आई. बिनतारी आहे.”

“मग पेट म्हणून सांगतं कोण त्याला?”

“तो कॅमेऱ्याकडे बघतो.”

“बघतो?” त्यांनी कपाटावरच्या फ्लॅशकडे संशयाने पाहिलं आणि पदर सारखा केला.

त्यांना तासन्‌तास बसवायला नको म्हणून आधी मी लाल भोपळ्यावर सराव केला. खुर्चीत दोन उशा, त्यावर भोपळा, भोपळ्याला सासूबाईंचा जुना चष्मा आणि डोक्यावरून ओढणी. सासूबाई आतून येऊन बघत राहिल्या.

“ही मी का?”

“फक्त डोक्याच्या मापासाठी, आई.”

“आतल्या बिया ठेव काढून. वाळवते,” म्हणाल्या आणि गेल्या.

मी फोटो काढला. फ्लॅश पेटले. माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं: काठीवरचा पेटला, कपाटावरचा पेटला, धोतर लख्ख उजळलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघते तर भोपळ्यावर फक्त समोरून कॅमेऱ्याचाच भगभगीत उजेड. बाजूच्या दिव्यांचा मागमूस नाही.

पुन्हा काढला. तेच. फ्लॅश जवळ आणले, लांब नेले, धोतर काढलं, धोतर घातलं. दिवे पेटताना घरातले सगळे बघत होते, शेजारची मांजरसुद्धा पळून गेली, पण फोटोत ते येत नव्हते. नवऱ्याने येऊन एकदा प्रयत्न केला आणि “सेल बदल,” असा सल्ला दिला. पुरुषांना काही कळलं नाही की ते सेल बदलायला सांगतात.

दुपारी मी भोपळ्याच्या जागी सासूबाईंना बसवलं. म्हटलं, माणसावर येत असेल उजेड. माझं हे म्हणणं किती बिनडोक होतं हे मला आज कळतं. तेव्हा मी ते फार गंभीरपणे म्हटलं होतं.

“आई, माझ्या बोटाकडे बघा. हलू नका.” मी बटण दाबलं.

“अगं,” सासूबाई म्हणाल्या, “तो आधीच पेटतो.”

“हलू नका म्हटलं ना.”

“हलत नाय गं. पण तुझा कॅमेरा आधी डोळा मारतो. बारीक. मग हे दोघं पेटत्यात. आन् मग तू फोटो काढतीस.”

“आई, उजेडाचा वेग तुम्हाला माहीत आहे का?” मी म्हणाले. हे वाक्य मी खरोखर बोलले. सातवीनंतर शाळा सोडलेल्या बाईला मी उजेडाचा वेग ऐकवला. पण त्या दर फोटोला ओठांतल्या ओठांत “मारला” असं म्हणत राहिल्या. बटण दाबलं की “मारला.” पुन्हा दाबलं की “मारला.” त्यामुळे सगळ्या फोटोंत त्यांचं तोंड चंबू झालेलं आलं आणि मी चिडून त्या दिवसाचं काम बंद केलं.

सोमवारी संध्याकाळी स्लेव्हने स्वतःच वेगळा पराक्रम केला. नवरा आंघोळ करून टॉवेलवर बाहेरच्या खोलीत आला आणि त्याने ट्यूबलाइट लावली. ट्यूब नेहमीप्रमाणे दोनतीनदा फडफडली. ते बघून कपाटावरच्या फ्लॅशला वाटलं आपलं नाव पुकारलं. त्याने नवऱ्याच्या तोंडावर असा लखलखाट केला की तो “आई गं!” म्हणून खाली बसला. टॉवेलचं काय झालं ते लिहीत नाही. सासूबाईंनी आतून विचारलं, “काढला का फोटो?” तो म्हणाला, “नाही!” त्या म्हणाल्या, “बरं झालं.”

त्या दिवशी आम्ही भोपळ्याच्या घाऱ्या खाल्ल्या. बिया गच्चीवर वाळत होत्या आणि माझ्याकडे चौऱ्याऐंशी फोटो जमा होते, त्यातले एकोणपन्नास भोपळ्याचे.

मंगळवारी मी कचेरीतून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि नाइलाज म्हणून कॅमेऱ्यासोबत आलेली पुस्तिका उघडली. इतके महिने ती मी टीव्हीच्या स्टँडखाली टेकू म्हणून ठेवली होती. बाराव्या पानावर डोळ्याचं एक छोटं चित्र होतं. तसंच चित्र माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात कायम दिसायचं. मीच ते चालू केलं होतं. डोळ्याचं चित्र आहे म्हणजे डोळे छान येत असतील, अशी माझी समजूत. पुस्तिकेत लिहिलं होतं की फोटोत बुबुळं लाल दिसू नयेत म्हणून कॅमेरा आधी एक बारीक चमक देतो आणि मग खरा फोटो घेतो.

म्हणजे कॅमेरा खरंच डोळा मारत होता. माझे दोन्ही फ्लॅश त्या पहिल्या चमकेलाच भुलून पेटत होते आणि खरा फोटो निघायच्या वेळी दमून बसत होते. हजेरीत दुसऱ्याच्या नावाला “हजर” म्हणून ओरडावं तसं.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई लसूण सोलत होत्या. “आई,” मी म्हणाले, “तुमचं बरोबर होतं.”

“काय?”

“डोळा मारतो.”

“मग!” त्या म्हणाल्या आणि पुढची पाकळी घेतली. उजेडाच्या वेगाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मला मात्र कानशिलं गरम झालेली अजून आठवतात.

डोळ्याचं चित्र बंद केलं आणि पहिल्याच फोटोत उजेड आला! असा उजेड की मी खोलीतल्या खोलीत उडी मारली आणि परातीवर पडले. धोतरातून गाळलेला उजेड सासूबाईंच्या गालावर दुधासारखा पसरला होता, कपाटावरच्या फ्लॅशने केसांच्या कडेला चंदेरी रेघ ओढली होती. मी वेड्यासारखी फोटो काढत सुटले. आता प्रश्न दाताचा. त्या हसेनात. मी “ई म्हणा” म्हटलं, तर डॉक्टरांपुढे बसल्यासारखा जबडा वासला. “जिलेबी” म्हणायला लावलं, “मिसळ” म्हणायला लावलं. शेवटी “किती गं छळशील मला” असं म्हणताना “किती”वर दात दिसला आणि मी तो पकडला. सेल संपेपर्यंत मी विजयी होते.

रात्री जेवताना नवऱ्याने कॅमेरा हातात घेतला, फोटो बघितला, भिंतीकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. “छान आलाय,” तो म्हणाला, “पण आई स्वयंपाकघराकडे का बघतेय?”

मी भिंतीकडे पाहिलं. सासरे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. त्यांच्या पलीकडे सासूबाईंना लावायचं, म्हणजे सासूबाईंनी उलट, बाहेरच्या दाराकडे, सासऱ्यांकडे बघायला हवं. मी कॅमेऱ्यामागून सांगितलं होतं, “आई, डावीकडे बघा.” माझी डावी. त्यांनी मान वळवली होती स्वतःच्या डावीकडे. उजेडाच्या नादात मला दोन तास ते दिसलंच नव्हतं. हे फोटो शेजारी लावले असते तर सासरे बायकोकडे बघून हसतायत आणि बायको पाठ फिरवून आमटीला फोडणी द्यायला निघालीय, असं दिसलं असतं.

“एवढंच ना,” नवरा म्हणाला. “कंपनीतल्या कॉम्प्युटरवर उलटा करून आणतो. एक बटण आहे.”

मला हायसं वाटलं. बुधवारी तो फोटो उलटा करून, छापूनच घेऊन आला. सासूबाई खरंच बाहेरच्या दाराकडे बघत होत्या. आम्ही दोघं एकमेकांची पाठ थोपटत असताना त्यांनी चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला, आणि बराच वेळ बघून विचारलं, “ही कोण?”

“आई, तूच की.”

“हिचा पदर उजव्या खांद्यावर हाय. मी काय गुजराथीण हाय का?”

“ते चालतं गं.”

“आन् दात?” त्यांनी बोटाने स्वतःचा तुटका दात दाबून दाखवला. “माझा हा ह्या अंगाला हाय. हिचा त्या अंगाला.”

नवऱ्याने आतून आरसा आणला. “हे बघ, आरशात बघ. आरशात तू अशीच दिसतेस ना? रोज अशीच बघतेस स्वतःला.”

सासूबाईंनी आरशात बघितलंच नाही. “मी बघते आरशात,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी कवा बघितलं मला आरशात? ह्यांनी समोरून बघितलं.”

त्यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि आत जाऊन उद्या दवाखान्यात न्यायच्या पिशवीत टॉवेल भरायला लागल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला वाटलं, यांनी एक टोमणा मारला तर बरं होईल. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. चार दिवस मी दिव्यांशी खेळले होते आणि ज्या एका गोष्टीसाठी त्या बसल्या होत्या, तीच मी उलटी करून ठेवली होती.

“आत्ता पुन्हा काढू,” मी म्हणाले. तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं. फ्लॅशचे सेल कालच मेले होते आणि चार्जर आता फुकट भिंतीला चिकटून होता. आमच्या भागात त्या आठवड्यात वीज संध्याकाळी जायची आणि झोपायच्या वेळी आली तरी मधेच पुन्हा दगा द्यायची. मी मेणबत्तीच्या उजेडात सेल चार्जरमध्ये घालून ठेवले आणि वीज कंपनीला जे बोलले ते सासूबाईंनीही ऐकलं. “पुरे आता,” एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी सात वाजता चार्जरचा हिरवा दिवा लागलेला नव्हता, पण सेल कोमट होते. चाचणीला एक फ्लॅश मारला तर पुन्हा भरायला त्याने अर्धं मिनिट घेतलं आणि कुंई कुंई असा केविलवाणा आवाज केला. दोन, फार तर तीन फोटो निघाले असते. मी चाचणी थांबवली. गव्हाचा डबा उचलून खोलीच्या दुसऱ्या बाजूला नेला, धोतर त्या बाजूला नेलं, कपाटावरचा फ्लॅश खिडकीत. सगळं उलटं. या वेळी खरंखुरं उलटं.

सासूबाई जांभळी साडी नेसून आल्या. चेहरा उतरलेला. अकराचं भय डोळ्यांत होतं. या बाईला आता कुठली जिलेबी हसवणार?

डावी-उजवी म्हणायची माझी हिंमत राहिली नव्हती. मी स्टूल घेतलं, भिंतीवरून सासऱ्यांचा फोटो उतरवला, हार काढून बाजूला ठेवला आणि फोटो एका खुर्चीत असा ठेवला की त्यांच्याकडे बघायचं म्हटलं तर सासूबाईंची मान बरोबर हव्या त्या बाजूला वळावी. “आई, आता कुणीकडे बघू म्हणून विचारू नका. ह्यांच्याकडे बघा.”

अकरा वर्षं तो फोटो वर टांगलेला होता. आम्ही पुसायचो तो खालूनच, काठीला फडकं बांधून. मोतीबिंदू झाल्यापासून तर सासूबाईंना तो नुसता एक फेट्याचा डाग दिसत असणार. आता तो त्यांच्यापासून दोन हातांवर होता. त्या पुढे वाकल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बोट बटणावर ठेवून श्वास रोखला.

“अगं,” त्या म्हणाल्या, “ह्यांचा फेटा वाकडा हाय!”

मी कॅमेरा हलू दिला नाही.

“सगळ्या लग्नात हे असेच हिंडले. मी सांगत होते, अहो, फेटा नीट करा, लोक हसत्यात. तर म्हणले, लोक माझ्या फेट्याला नाय, तुझ्या दाताला...” आणि सासूबाई हसल्या. तोंड न झाकता, खांदे हलवत, त्यांच्याकडे बघत. मी बटण दाबलं. दोन्ही फ्लॅश पेटले, त्याच क्षणी, एकदाच. नंतर काठीवरचा बराच वेळ कुंई कुंई करत राहिला आणि बंद पडला.

पडद्यावर बघितलं. दात आला होता. त्याच अंगाला तुटलेला. पदर डाव्या खांद्यावर होता. आणि त्यांच्या डोळ्यांत मी न मांडलेला एक उजेड आला होता. सासऱ्यांच्या फ्रेमच्या काचेवरून फ्लॅश परतून तिथे पडला होता, हे मला तांत्रिकदृष्ट्या समजावून सांगता येतं. त्या सकाळी मात्र मी गव्हाच्या डब्याशेजारी बसून रडले. सासूबाई म्हणाल्या, “पुन्हा बिघडला का?”

अकरा वाजता त्यांचे सहा दात गेले. तुटका दात त्यांनी डॉक्टरांकडून कापसात मागून घेतला.

आठवड्याने फोटो फ्रेम होऊन आला. नवऱ्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वर ठेवायला घेतला. “वेळ आली की काढू,” असं काहीतरी हळू आवाजात म्हणाला.

“लाव,” सासूबाई म्हणाल्या. पुढचे दात नसल्यामुळे त्यांचा आवाज फसफसायचा. “ह्यांच्या शेजारी.”

“आई, असं कुणी लावतं का? त्या भिंतीवर गेलेल्या माणसांचे फोटो असतात. लोक काय म्हणतील? अपशकुन असतो.”

“माझा फोटो, माझी भिंत.”

“अगं, पण तू आहेस अजून!”

“मी हाय. पण हे अकरा वर्षं मोकळ्या भिंतीकडं बघत हसत्यात,” सासूबाई म्हणाल्या. “अजून माझ्या मरणापर्यंत थांबवू का त्यांना?”

नवऱ्याने हातोडी आणली. खिळा ठोकताना त्याचा हात दोनदा चुकला आणि मी काहीही बोलले नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. सासूबाई खुर्चीतून सूचना देत होत्या. अजून बोटभर खाली, ह्यांच्या खांद्याला लागते मी, उंच नाय. शेवटी दोन्ही फोटो असे बसले की जांभळा काठ एका फ्रेममध्ये संपत होता आणि दुसऱ्या फ्रेममध्ये तीच साडी सुरू होत होती. एकाला हार, एकाला नाही.

पंधरा दिवसांनी कळवणहून सासूबाईंची चुलत नणंद न कळवता आली. मी दार उघडलं. ती चपला काढता काढता भिंतीकडे बघून थबकली, तोंडाला पदर लावला आणि उंबऱ्यातच मोठ्याने रडायला लागली. “वहिनी गं! मला कुणी निरोप नाय धाडला गं!” मी काही सांगायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून हातात चहाचा कप घेतलेल्या, पुढचे दात गेलेल्या सासूबाई बाहेर आल्या. नणंद किंचाळलीच. सासूबाईंनी कप टेबलावर ठेवला, तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

“रडू नका, मी हाय. फोटो तेवढा पुढं धाडलाय.”